अनोळख्याचे देणे

मराठीत ‘देणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची, ते देणे. आणि जी सोपवायची राहिली आहे, जी अजून आपल्या अंगावर आहे, तेही देणेच. ‘त्याने मला दिले’ आणि ‘मी त्याचे देणे लागतो’ ही दोन्ही वाक्ये एकाच धातूवर उभी आहेत. दोन्ही वाक्यांत एक ‘तो’ आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, निदान चेहरा तरी. हा ‘तो’ काढून टाकला तर काय उरते? देणाऱ्याला घेणारा कधीच कळणार नाही आणि घेणाऱ्याला देणारा कधीच कळणार नाही, अशी व्यवस्था असेल तर तिथे कुणी कुणाचे देणे लागते का?

प्रश्न नीतिशास्त्राच्या तासाला शोभणारा आहे. पण १९८०च्या दशकात तो एका भलत्याच ठिकाणी, रोजच्या कामातली अडचण म्हणून उभा राहिला. अनेक संगणकांना एकाच कामाला कसे जुंपायचे, हे शोधणाऱ्या लोकांसमोर तो आला. त्यांनी त्याला नीतीचा प्रश्न म्हटले नाही. त्यांनी एक रचना केली. त्या रचनेकडे आज पाहिले तर तिच्यात आपल्या सार्वजनिक वागण्याबद्दल बरेच काही आधीच लिहून ठेवलेले दिसते.

अडचण अशी होती. एखादे मोठे गणित एका यंत्राला फार वेळ घेते. ते तोडून दहा यंत्रांना वाटले तर लवकर होईल. पण मग दहा यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे कसे? सर्वांत सरळ उत्तर म्हणजे निरोप. एकाने दुसऱ्याला त्याच्या नावाने निरोप धाडायचा. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या, पुढे फार प्रभावी ठरलेल्या पद्धतीत तर पाठवणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव घ्यायचे आणि घेणाऱ्याने पाठवणाऱ्याचे. दोघे एकाच क्षणी तयार असले तरच देवाणघेवाण होणार. टपालापेक्षा हे हस्तांदोलनाच्या जवळचे. एकाचा हात पुढे आला आणि दुसऱ्याचा आला नाही, तर पहिल्याने हात पुढे धरून थांबायचे.

या पद्धतीत शिस्त आहे, पण प्रत्येकाला सगळ्यांचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो. यंत्र वाढवा, कमी करा, मध्येच एखादे बंद पडू द्या, की साऱ्या पत्त्यांची फेरमांडणी आली. डेव्हिड गेलर्नटर या अमेरिकन संशोधकाने स्टोनी ब्रूक येथील आपल्या पीएच.डी.च्या कामातून आणि नंतर येल विद्यापीठात एक वेगळी वाट काढली. १९८५ साली त्याचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे निकोलस कॅरिएरो या सहकाऱ्याबरोबर त्याने ती वाट पक्की केली. या पद्धतीचे नाव लिंडा. नावाकडे नंतर येऊ, कारण ते नाव निरुपद्रवी नाही.

लिंडाची कल्पना चार क्रियापदांत सांगता येते. मध्ये एक सामाईक जागा आहे. तिला टपल स्पेस म्हणतात. टपल म्हणजे क्रमाने मांडलेल्या काही मूल्यांची जुडी: एक शब्द, एक आकडा, आणखी एक आकडा, असे काहीतरी. ‘आउट’ म्हणजे आपली जुडी त्या जागेत ठेवणे. ‘इन’ म्हणजे तिथली एक जुडी उचलून घेणे. मग ती तिथे उरत नाही. ‘रीड’ म्हणजे जुडी नुसती वाचणे. ती तिथेच राहते. चौथे ‘इव्हॅल’ म्हणजे जिवंत जुडी ठेवणे, म्हणजे एक नवे काम सुरू करून देणे, जे स्वतःशी हिशेब करत राहते आणि संपले की साध्या, निश्चल जुडीत बदलून त्याच जागेत पडून राहते. काम करणारा संपतो आणि त्याचे काम मागे उरते.

पत्ता कुठेच नाही. मागणाऱ्याने मागायचे ते वस्तूच्या आकारावरून. पहिल्या जागी ‘उत्तर’ हा शब्द, दुसऱ्या जागी १७ हा आकडा आणि तिसऱ्या जागी कोणतीही एक संख्या, अशी जुडी मला हवी, असे तो सांगतो. जुळणाऱ्या अनेक असतील तर त्यांतली कुठलीही एक मिळते. कुठली, याची हमी नाही. एकही नसेल तर मागणारा थांबतो. कुणीतरी, कधीतरी तशी जुडी ठेवेपर्यंत तो तसाच थांबलेला असतो.

या साधेपणात एक मोठी मोकळीक दडलेली आहे. देणारा आणि घेणारा यांना एका ठिकाणी असायला नको, एका वेळीही असायला नको. ठेवणारा प्रोग्रॅम काम संपवून केव्हाच निघून गेलेला असू शकतो आणि उचलणारा तेव्हा जन्मलाही नसेल. ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्यापासून सुटी होते आणि तिला तिचे स्वतःचे अस्तित्व मिळते. म्हणूनच गेलर्नटरने आपल्या निबंधाच्या मथळ्यात या संवादाला ‘जनरेटिव्ह’, जन्म देणारा, असे विशेषण लावले. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पुस्तक असेच असते. कवी कुणाच्या पत्त्यावर कविता धाडत नाही. तो ती ठेवून जातो.

या रचनेतून कामाची जी वाटणी होते तीही पाहण्यासारखी आहे. हजार ओळींचे एक चित्र संगणकाला रेखायचे आहे असे समजा. मुकादम प्रोग्रॅम हजार कामे हजार जुड्या करून सामाईक जागेत ठेवतो. मजूर प्रोग्रॅम येतात, एकेक जुडी उचलतात, ओळ रेखतात, उत्तर ठेवतात, पुढची उचलतात. चपळ यंत्र शंभर उचलेल, जुने यंत्र वीस. कुणाला किती द्यायचे हे कुणीच ठरवलेले नाही, तरी वाटणी ज्याच्या-त्याच्या ताकदीप्रमाणे होते. मध्येच एक नवे यंत्र आले तर ते गुपचूप कामाला लागते. कुणाची परवानगी नको, ओळख नको. जात, गाव, शिफारस विचारणाऱ्या जगात वाढलेल्या माणसाला हे पाहून क्षणभर हेवा वाटावा. नाव न विचारणारी जागा ही साधी गोष्ट नाही.

इथेच थांबलो तर ही नुसती एका सुंदर यंत्राची स्तुती होईल. पण इन आणि रीड या दोन क्रियापदांमधल्या फटीत खरा प्रश्न आहे. लिंडात ‘बदलणे’ असे पाचवे क्रियापद नाही. सामाईक जागेत पडलेली वस्तू तिथल्या तिथे खाडाखोड करून बदलता येत नाही. एखादी मोजणी आहे, तिचा आकडा ४१ आहे, तो ४२ करायचा आहे. तर ती जुडी उचलून घ्यावी लागते, आकडा वाढवून नवी जुडी ठेवावी लागते. मधल्या वेळात ती जागा रिकामी असते. त्या वेळात मोजणी मागणारे बाकी सगळे थांबलेले असतात. दोघांनी एकाच वेळी लिहून एकमेकांचे पुसून टाकण्याचा धोका याने टळतो. पण त्याची किंमत अशी की सामाईक वस्तूत ज्याला काही सुधारायचे आहे, त्याने आधी ती सर्वांच्या पुढ्यातून उचलावी लागते. सुधारणा करण्याच्या काळापुरता तो प्रत्येकाचा ऋणको असतो.

आणि उचललेली जुडी हातात असतानाच तो कोसळला तर? यंत्र बंद पडले, वीज गेली, प्रोग्रॅममधली चूक नडली. जुडी त्याच्याबरोबर गेली. सामाईक जागेला हे कळतच नाही. तिच्या दृष्टीने कुणीतरी काहीतरी घेऊन गेले, एवढेच. बाकीचे थांबलेले असतात ते थांबलेलेच राहतात. ते ओरडत नाहीत, तक्रार करत नाहीत. थांबणारा प्रोग्रॅम बाहेरून पाहिला तर झोपलेल्या प्रोग्रॅमसारखाच दिसतो.

अनोळखी देवघेवीची नीती या थांबलेल्यापासून सुरू होते, असे मला वाटते. आपण ज्याचे देणे लागतो तो दिसत असेल तर त्याचा चेहराच तगादा लावतो. इथे तगादा लावणारे कुणी नाही. घेणाऱ्याला माहीत आहे ते एवढेच, की ही वस्तू सर्वांच्या पुढ्यातून उचलली आहे आणि तिच्यावाचून कुणाचे तरी काही अडले असू शकते. ‘असू शकते’ एवढ्यावर कर्तव्य उभे राहते का?

सामाईक मालकीबद्दलचा जुना वाद इथे आठवतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली. प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा, तोटा सर्वांत वाटलेला, आणि शेवटी कुरण उजाड. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या पुस्तकात याला प्रत्यक्षातली उदाहरणे समोर ठेवून उत्तर दिले. स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल गावाची कुरणे, स्पेनमधल्या वॅलेन्सियाचे पाटपाणी. शतकानुशतके लोकांनी सामाईक गोष्टी नीट राखलेल्या आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण ऑस्ट्रॉम यांची उदाहरणे नीट वाचली तर त्यांत एक अट वारंवार दिसते: हद्द स्पष्ट हवी आणि वापरणारे कोण ते माहीत हवे. पाण्याची पाळी चुकवणाऱ्याला शेजारचा शेतकरी पाहत असतो. म्हणजे तिथेही चेहरा आहेच. लिंडाने नेमका तोच काढून टाकला. हार्डिन यांची भीती आणि ऑस्ट्रॉम यांचा दिलासा, दोन्ही इथे अपुरे पडतात.

पुढच्या काळातल्या अभियंत्यांनी चेहऱ्याच्या जागी नियम बसवले. सन कंपनीने १९९९च्या सुमारास पुढे आणलेल्या जावास्पेसेस या पद्धतीत दोन गोष्टी आल्या. एक भाडेपट्टा: ठेवलेली वस्तू ठरावीक मुदतीपुरतीच राहील, मुदत वाढवून घेतली नाही तर आपोआप जाईल. दुसरी व्यवहाराची हमी: वस्तू उचलली, पण काम पुरे व्हायच्या आत उचलणारा कोसळला, तर उचलणेच रद्द, वस्तू परत जागेवर. मेलेल्याच्या मुठीतून वस्तू सोडवून घेण्याची सोय झाली.

हे नियम चांगले आहेत, गरजेचेही आहेत. तरी नियमाने सगळे भागत नाही, कारण नियमाला मेलेला ओळखता येतो, बेफिकीर ओळखता येत नाही. जिवंत राहून जो वस्तू नुसती धरून बसला आहे, त्याच्यापुढे नियम फक्त मुदत मोजत बसतो. ‘पिरान्हा’ नावाच्या येलमधल्याच एका प्रयोगात हा पेच वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. कार्यालयातली रिकामी पडलेली यंत्रे सामाईक कामाला लावायची आणि मूळ वापरणारा परत आला की ताबडतोब बाजूला व्हायचे, अशी ती योजना. पण अर्धवट राहिलेल्या कामाचे काय? त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने माघारीचा एक भाग वेगळा लिहून ठेवायचा: उठून जावे लागले तर हातातले काम परत जागेवर कसे ठेवायचे, हे त्यात सांगायचे. मला या सगळ्या इतिहासात ही माघार सर्वांत नैतिक वाटते. ती लिहिणारा माणूस टेबलाशी बसून विचार करतो आहे, की माझ्यानंतर हे काम कुणीतरी उचलेल, मला तो कधी कळणार नाही, तर त्याला ते उचलता येईल अशा अवस्थेत मी ते सोडले पाहिजे. यंत्राला कर्तव्य नसते. पण ते लिहिणाऱ्याला असते आणि त्याने ते आधीच, निवांतपणी, कुणी मागितलेले नसताना फेडलेले असते.

याच्या उलट बाजूला विसरण्याचा प्रश्न आहे. सामाईक जागेतली एखादी जुडी आता कुणालाही नको आहे, हे कसे ठरवायचे? नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणारे कुणी उरले नाही की ती कचऱ्यात काढता येते. इथे बोट दाखवणारे कुणी नसतेच. मागणी आकारावरून होते, आणि तो आकार उद्या कुणाला सुचेल सांगता येत नाही. म्हणून मूळ रचनेत कुणी उचलली नाही ती वस्तू पडूनच राहते. भाडेपट्ट्याने हे सुटले म्हणावे तर प्रश्न एवढाच उरतो, की मुदत कुणी ठरवायची. ठेवणाऱ्याने? तो तर निघून गेला. जागा राखणाऱ्याने? म्हणजे मग जागेला राखणदार आहे.

आणि तो असतोच. ‘सामाईक जागा’ हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसणारे चित्र आहे. प्रत्यक्षात तशी जागा कुठेही नाही. तारांनी जोडलेली वेगवेगळी यंत्रे आहेत आणि प्रत्येक जुडी त्यांतल्या कुणाच्या तरी मेमरीत पडलेली आहे. सुरुवातीच्या एका बांधणीत ठेवलेल्या प्रत्येक जुडीची प्रत सर्व यंत्रांकडे पाठवली जाई. कुणाला ती उचलायची असेल तर ती जिथून आली त्या यंत्राला विचारावे लागे, आणि दोघांनी एकदम विचारले तर ते यंत्र एकालाच होकार देई. म्हणजे वरच्या मजल्यावर निनावी देवघेव आणि खालच्या मजल्यावर उगमाची पक्की नोंद. हे फसवणूक म्हणून सांगत नाही. नाव न विचारणारी जागा चालू ठेवायला कुणीतरी, कुठेतरी, नोंद ठेवत असतो, जागा झाडत असतो, वीजबिल भरत असतो. ‘सर्वांचे’ म्हणताना आपण या माणसाला विसरतो, आणि एक दिवस तोच मालक झालेला असतो.

निनावीपणाबद्दल बोलताना गेलर्नटरच्या आयुष्यातली एक घटना टाळता येत नाही. २४ जून १९९३ रोजी येलमधल्या आपल्या कार्यालयात त्याने टपालाने आलेले एक पाकीट उघडले. त्यात बाँब होता. त्याच्या उजव्या हाताला आणि डोळ्याला कायमची इजा झाली. तो बाँब थिओडोर काझिन्स्कीने पाठवला होता. यंत्रयुगाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या समजुतीत त्याने १९७८ ते १९९५ या काळात अशी पाकिटे धाडली, त्यांत तिघे मेले, अनेक जखमी झाले, आणि एप्रिल १९९६मध्ये तो पकडला गेला. या घटनेचे रूपक करणे बरे नव्हे. जखम ही जखमच असते. पण आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट तिच्यातून दिसते. ते पाकीट बिनपत्त्याचे नव्हते. त्यावर घेणाऱ्याचे नाव होते, पत्ता अचूक होता. पाठवणाऱ्याने मात्र आपले नाव लपवले होते. समोरच्याचे नाव ठाऊक असणे म्हणजे तो माणूस ठाऊक असणे, असे होत नाही. काझिन्स्कीला नाव ठाऊक होते आणि त्या नावामागे माणूस आहे याचे त्याला सोयरसुतक नव्हते. आपली नीती नावावर उभी आहे असे आपण समजतो. ती कदाचित अधिक खोल कशावर तरी उभी असते. ज्याचे नाव ठाऊक नाही त्यालाही वाट पाहावी लागते, त्यालाही लागते-खुपते, हे मनात धरण्यावर.

आता नावाकडे येऊ. त्या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक मोठी संगणकभाषा तयार करून घेतली होती. तिला एडा हे नाव दिले होते. चार्ल्स बॅबेजच्या यंत्रावर १८४३ साली टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेसच्या सन्मानार्थ. त्यावर थट्टेचे उत्तर म्हणून या नव्या पद्धतीला दुसऱ्या एका लव्हलेसचे नाव दिले गेले: लिंडा लव्हलेस, १९७२ सालच्या गाजलेल्या अश्लील चित्रपटातली नटी. संगणकवाल्यांच्या वर्तुळात ही गंमत वर्षानुवर्षे चालली. त्या बाईचे खरे नाव लिंडा बोरमन. १९८० साली तिने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले आणि त्यात सांगितले, की ते चित्रपट तिने स्वखुशीने केले नव्हते. नवऱ्याने मारहाण करून, धाक दाखवून करवून घेतले होते. १९८६ साली सरकारी आयोगापुढेही तिने हेच सांगितले. २००२ साली मोटार अपघातानंतर ती गेली.

नाव ठेवणाऱ्यांना यातले काय ठाऊक होते, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा, की नाव ही सर्वांच्या पुढ्यात पडलेली वस्तू वाटते. कुणीही वाचावे, कुणीही वापरावे, वाचल्याने ते कमी होत नाही. म्हणजे ते ‘रीड’ आहे, ‘इन’ नाही. खरेच का? जिच्याकडून आधीच सर्व काही तिच्या इच्छेविरुद्ध घेतले गेले, तिचे नाव थट्टेसाठी पुन्हा उचलले जाते तेव्हा ते जागेवर तसेच राहते का? वस्तू तिथेच दिसते, पण ती पूर्वीची राहत नाही. आणि तिला कुणी विचारले नाही, कारण सामाईक जागेत विचारायची रीतच नसते.

हा भेद आज आपल्या दारात आला आहे. गेल्या काही वर्षांत भाषेची मोठमोठी यंत्र-मॉडेल उभी राहिली ती इंटरनेटवर लोकांनी ठेवलेल्या मजकुरावर: पाककृती, शंकासमाधाने, कविता, भांडणे, भाषांतरे. बाजू मांडणारे म्हणतात, यंत्राने ते फक्त वाचले. तुमचे तुमच्याजवळच आहे. लिंडाच्या भाषेत हा शुद्ध ‘रीड’ आहे, आणि यंत्राच्या पातळीवर तो खराच आहे. पण ज्याच्या लेखनावर त्याची रोजीरोटी होती, त्याच्याकडे येणारा वाचक वाटेतच तृप्त होऊन परतला, तर त्याच्या दृष्टीने वस्तू उचललीच गेली. वाचणे आणि उचलणे यांतला फरक वस्तूवरून ठरत नाही. मागे कोण, कशाची वाट पाहत राहिले, यावरून ठरतो. दुसरीही बाजू आहे. ज्या भाषांत मुळात थोडेच ठेवलेले आहे, त्यांच्या माणसांना या यंत्रांकडे मागायला गेल्यावर थोडेच मिळते. न ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती पुढे येणाऱ्या अनोळख्याला पडते. हे दोन्ही खरे आहे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

अनेक भाषांत वावरणाऱ्या वाचकाला लिंडातली आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. मागणी आकारावरून होते, म्हणून वस्तू जागेत असूनही मागणाऱ्याला मिळत नाही, असे घडू शकते. त्याने तीन घरांची जुडी मागितली आणि जागेत चार घरांची पडली आहे. तो थांबून राहील. वस्तू आणि गरज एकाच अंगणात शेजारी असूनही त्यांची गाठ पडणार नाही. यावर उपाय म्हणून मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवता येतो. तो एका आकाराची जुडी घेतो आणि दुसऱ्या आकाराची ठेवतो. त्याचे स्वतःचे काही नसते. तो कुणासाठी हे करतो आहे ते त्याला ठाऊक नसते, आणि ज्याला मिळते त्याला मध्ये कुणी होते याचा पत्ताही नसतो. मराठीतली एखादी कादंबरी तमिळ वाचकापर्यंत पोचते तेव्हा मध्ये असाच कुणीतरी बसलेला असतो. फक्त त्याने एक पथ्य पाळायचे असते: मूळ जुडी उचलायची नाही, वाचायची. भाषांतर म्हणून जे उभे राहते त्याने मूळ जागा रिकामी होता कामा नये. देशात मोठ्या भाषेने लहान भाषेतले ‘घेतले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या क्रियापदात हीच भीती असते.

तर चेहरा काढून घेतल्यावर काय उरते, या प्रश्नाला लिंडाकडे पाहून एक उत्तर देता येते. देणे उरते, त्याचा पत्ता बदलतो. ‘कुणाला’ हा प्रश्न संपला की ‘कसे’ हा प्रश्न जड होतो. ठेवताना असे ठेवावे, की आपण जवळ नसताना, विचारायची सोय नसताना, अनोळख्याला ते ओळखता यावे. आकार हाच तिथे एकमेव पत्ता आहे. नुसते वाचून भागत असेल तिथे उचलू नये. उचलावेच लागले तर हात जड आहे हे लक्षात ठेवून लवकर परत ठेवावे. उठून जायची वेळ येईल हे धरून माघार आधीच लिहून ठेवावी. आणि जागा राखणारा कोण आहे, हे अधूनमधून विचारत राहावे.

यांतले काहीही यंत्र आपल्याकडून सक्तीने करून घेऊ शकत नाही. लिंडाच्या चार क्रियापदांत ‘परत कर’ असे क्रियापद नाही. आहे ते फक्त ‘ठेव’. घेतलेले परत करणे आणि नवे काही देणे, दोन्ही तिथे एकाच शब्दाने होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत फरक कळत नाही. आपल्या ‘देणे’ या शब्दासारखेच हे. जागेत जुडी पडते. कुठेतरी कधीपासून थांबलेला एक प्रोग्रॅम जागा होतो, ती उचलतो आणि कामाला लागतो. ती कुणी ठेवली, हे तो विचारत नाही.